व्याहीजेवणातली माळ

“अगं, चांदीच्या गावात मणी घेऊन जायचे?” मी आईला विचारलं.

आईनं मान वर केली नाही. ती खिडकीशी उजेडाला बसून सुईत दोरा ओवत होती आणि तिच्यापुढे पाटावर बाबांच्या सगळ्या यात्रा पसरल्या होत्या. रामेश्वरच्या कवड्या, फिरोजाबादचे काचमणी, कन्याकुमारीचे बारके शंख, मुरादाबादची पितळी घुंगरं, शिवाय गाव विसरलेले लाकडी मणी आणि रंगीत खडे. माझे वडील, केरबा चौगले, मिरजेच्या एका यात्रा कंपनीच्या बसवर आचारी होते. यात्रेकरू दर्शनाला गेले की बाबा भांडी घासून, डाळ भिजत घालून बाजारात एक चक्कर टाकायचे आणि सगळ्यात स्वस्त काय असेल ते घेऊन यायचे. रिकाम्या हातानं ते घरी कधी आले नाहीत. आम्ही दोन दिवस त्या वस्तू मिरवायचो, मग आई त्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकायची आणि वर मूठभर डांबरगोळ्या.

माझं लग्न हुपरीच्या इंगवल्यांच्या धैर्यशीलशी ठरलं होतं. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. कुठल्याही गल्लीत शिरलं की पैंजणं घडवण्याची टकटक ऐकू येते. इंगवल्यांचाही स्वतःचा कारखाना होता. साखरपुडा झाला होता, आणि लग्नाआधी त्यांनी आम्हाला व्याहीजेवणाला बोलावलं होतं. बोलावणं आलं म्हणजे त्यांच्या घरच्या बायकांना काहीतरी घेऊन जायला हवं. लोक अशा वेळी चांदीचा करंडा देतात, अत्तरदाणी देतात.

“चांदी त्यांच्या घरात पोत्यानं पडलीय,” आई म्हणाली. “आपण दिली की आधी काट्यावर टाकतील. मण्यांचं वजन कोण करतंय?”

“हसतील आपल्याला.”

“हसू देत. हसणारी माणसं सोयरीक मोडत नाहीत.”

माझं आधी एकदा ठरून मोडलं होतं आणि मिरजेत ते ज्याला-त्याला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा मोडलं असतं तर पुढं कुणी विचारायला आलं नसतं. शिवाय धैर्यशील मला आवडला होता. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा, पण साखरपुड्यात माझ्या आजोबांना चपला हुडकून देणारा तो एकटाच होता. आता या वयात सांगायला काय हरकत आहे, मला तो फार आवडला होता.

मग मीही बसले मणी निवडायला. नणंदेसाठी शंखांचे झुमके झाले, थोरल्या जावेसाठी काचमण्यांचा सर. विहिणीसाठी म्हणून आईनं राखून ठेवलेले मणी काढले. बारीक, फिकट, एकसारखे लाकडी मणी. मध्ये-मध्ये लाल काच आणि खाली एक पांढरीशुभ्र कवडी. माळ खरंच देखणी झाली होती.

“कसले आहेत हे?” मी विचारलं.

“चंदनाचे. म्हैसूरहून आणले होते बघ.”

मी नाकाशी धरून पाहिले. डांबरगोळ्यांचा वास आला. ट्रंकेतल्या सगळ्याच वस्तूंना तो यायचा. बाबांना विचारावं तर बाबा काशीला. ते परतले ते आदल्या संध्याकाळी, आले आणि भाकरी खाऊन आडवे झाले. तोवर आईनं सगळे दागिने मिठाईच्या खोक्यात कापूस घालून बांधले होते. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं हुपरीला निघालो.

रविवार होता. इंगवल्यांच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर, माझे होणारे सासरे, आण्णासो, आपल्या चार दोस्तांबरोबर बसले होते. आण्णासो म्हणजे धिप्पाड गडी, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा. मोठ्या मनाचा हे गाव म्हणायचं. दर रविवारी त्यांच्या घरी बकऱ्याचं मटण असायचं आणि सोप्यात कुणीही येऊन जेवून जावं, अशी त्यांची ख्याती. आम्ही पोचलो तेव्हा दोस्तांचे डोळे लाल झालेले होते आणि घोंगड्याखाली काचेचं काहीतरी लपवलेलं होतं. एकानं बाबांच्या पाठीवर थाप मारली. “या पाव्हणं! आक्काच्या हातचा तांबडा रस्सा खाल्लासा की जन्मात दुसरीकडं जेवायचा न्हाईसा!”

आक्का म्हणजे आक्काताई, माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणायचे. तेव्हा मात्र मला त्यांची भीती वाटत होती. बाई काटक, गव्हाळ, कामाला वाऱ्यासारखी, आणि तोंडातून शब्द नाही. साखरपुड्यात त्या आईशी एक वाक्य बोलल्या नव्हत्या. आम्ही आत गेलो तर त्या चुलीपुढं उभ्या. हातांवर तेलाचे चटके, कपाळावर घाम. “बसा,” म्हणाल्या, एवढंच. तेवढ्यात सोप्यातून हाक आली, “आक्का, सुकं संपलं गं हिकडं!” त्यांनी ताट भरलं, पदर घट्ट खोचला आणि बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हात धुतले. नुसते धुतले नाहीत, राख लावून खसाखसा घासले. मला वाटलं, सासू सोवळ्याची दिसते.

आईनं खोकं सोडलं. नणंद वैजयंता शंखांचे झुमके बघून हरखली. “अय्या, खरे शंख!” म्हणत तिनं लगेच कानात घातले आणि आरशापुढं पळाली. थोरल्या जावेनं काचमण्यांचा सर दोन बोटांत धरला आणि विचारलं, “मण्यांचा का? असू दे, असू दे.” ते ‘असू दे’ ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग आत्याबाई पुढं आल्या. पदराला हात पुसून त्यांनी माळ घेतली आणि एकेक मणी बोटांतून फिरवायला लागल्या. सगळी माळ फिरवली. किती वेळ गेला कोण जाणे, आईच्या वरच्या ओठावर घाम आला.

“हातानं केलंय,” आई म्हणाली. “जमलं तसं.”

“कशाचं मणी?”

“चंदनाचे. म्हैसूरचे.”

“चंदनाचं,” आत्याबाई म्हणाल्या. जाऊबाईंकडं पाहून पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या, “चंदनाचं हाईत गं.” मग आईपुढं मान वाकवली. “घाला. तुमच्याच हातानं घाला.”

आईनं त्यांच्या गळ्यात माळ घातली, मागं गाठ मारली. आईला इतकं बरं वाटलं की तिनं त्यांच्या गालांवरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

दुपारी पंगत बसली. व्याह्यांचं जेवण म्हणून पुरुष आणि बायका एकाच सोप्यात, समोरासमोर. कोपऱ्यात गणपततात्या वेगळे बसले होते, आण्णासोंचे चुलतभाऊ. ते माळकरी. त्यांच्या ताटात आमटी-भात, शेजारी कुणाचं खरकटं येऊ नये म्हणून पाट लांब ओढलेला. आत्याबाईंची जागा खरं तर आईच्या शेजारी होती, पण त्या तात्यांच्या अगदी समोर जाऊन बसल्या आणि आईला तिथं बोलावून घेतलं.

आमच्यात विहिणी एकमेकींना पहिला घास भरवतात. आईनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, वर मटणाचा तुकडा ठेवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. सगळे बघत होते. आत्याबाईंनी तोंड उघडलं नाही. एक हात गळ्याशी नेला आणि माळ पदरावर नीट बाहेर काढून ठेवली.

“थांबा!” तात्या ओरडले.

आईचा हात तसाच राहिला. तात्या उठले, चष्मा लावला, जवळ येऊन वाकले. “वैनी, हे काय हाय गळ्यात?”

“विहीणबाईनी दिलंय. चंदनाचं.”

“कुठलं चंदन! तुळस हाय ही.” त्यांनी स्वतःच्या गळ्यातली माळ पुढं ओढून शेजारी धरली. “बघा. काय फरक हाय का?”

काही फरक नव्हता. मला लांबूनही दिसत होतं. आई रडवेली होऊन बाबांकडं बघायला लागली. बाबा भाबडेपणानं म्हणाले, “लाकडी मणी व्हय? मथुरंचं असतील ते. म्हैसूरचं चंदनाचं मणी मी आमच्या मालकास्नी दिलं, हिला सांगायचं राहिलं.”

आण्णासो मोठ्यानं हसले. “असू दे की! चुकून झालं. काढ ती माळ आन् जेव.”

“माळ कशी काढंल?” तात्या म्हणाले. “तुळस गळ्यात पडली म्हंजे पडली.”

“बुवाच्या हातनं घेतली न्हाई,” एक दोस्त म्हणाला. “लागू न्हाई व्हत.”

“पाव्हणीनं मायेनं घातलीया, चारचौघांत घातलीया. आन् बुवा कशाला पायजे?”

दोघांचं जुंपलं. माळ कुणी घालावी, कशी घालावी, त्यात कवडी असली तर चालते का, लाल काचेचं काय, यावर चार दारू प्यालेली माणसं आणि एक माळकरी तावातावानं भांडायला लागली. रस्सा ताटात निवत होता.

“न्हाई काढणार,” आत्याबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, तरी सगळे गप्प झाले.

“म्हंजे?” आण्णासोंनी विचारलं.

“म्हंजे आजपासनं मी माळकरी. वशाट खायाची न्हाई, शिवायची न्हाई, शिजवायची न्हाई.”

“आन् माझ्या माणसास्नी कोण रांधणार?”

“तुमचं तुम्ही बघा.”

आण्णासोंचा चेहरा लालबुंद झाला. बायकोला पाव्हण्यांदेखत बोलता येईना, म्हणून ते आमच्याकडं वळले. “काय वो पाव्हणं, ठरवून केलासा का हे? माझ्या चुलीत पाणी वतायला आलासा? द्यायला चांदी नव्हती तर मोकळ्या हातानं यायचं! असली करणी कशाला केलीसा?”

बाबा हात जोडून उभे राहिले. रश्श्याचे हात तसेच जोडले. “आण्णासो, पाया पडतो. बाईमाणसाची चूक झाली.”

“मला खरंच ठाऊक नव्हतं,” आई रडायला लागली. “देवाशप्पथ ठाऊक नव्हतं.”

“सोयरीक मोडली म्हणून समजा! उचला तुमचं खोकं!”

मी धैर्यशीलकडं पाहिलं. नवरदेव ताटातल्या नळीकडं एकटक बघत होते. त्या क्षणी मला त्याचा असा संताप आला की लग्न मोडलं तर मोडलं, असंही वाटून गेलं. पण मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर कोण कोण भेटेल, काय काय विचारेल, ते सगळं मला दिसायला लागलं.

“विहिणीला कशाला बोलतासा?” आत्याबाई म्हणाल्या. “मीच सांगितलं हुतं त्यास्नी.”

“काय सांगितलं हुतंस?”

“साखरपुड्यात. म्हटलं, मला काय द्यायचं मनात असंल तर तुळशीचं कायतरी द्या. चंदन म्हणून द्या. तुम्ही हू म्हणला नसतासा म्हणून गुपचूप सांगितलं. त्यांचा काय दोष न्हाई.”

आई तोंड उघडं टाकून बघत राहिली. मीही. साखरपुड्यात या बाईनं आईला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं! आईला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. तिनं खाली मान घातली आणि सगळ्यांना वाटलं, खरंच आहे.

“आण्णा, आता बोल लावू नगंस,” तात्या म्हणाले. “माळ घातलेल्या बाईवर वरडू नये. आन् पाव्हण्यास्नी ताटावरनं उठवलंस तर मी ह्या घरात पाय ठेवणार न्हाई.”

तात्यांच्या नावावर कारखान्याची निम्मी जागा होती, हे मला पुढं कळलं. आण्णासो धुसफुसत खाली बसले. हातातली भाकरी त्यांनी चोळामोळा करून टाकली, पण सोयरिकीबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. दोस्त लोक तर कधीचेच जेवायला लागले होते. आत्याबाईंनी आपलं ताट सरकवलं, तात्यांच्या पातेल्यातला आमटी-भात वाढून घेतला. आईनं हात धुतले आणि त्या भाताचा घास त्यांना भरवला. त्यांनी तो चांगला मोठा आ करून खाल्ला.

परतीच्या एसटीत आई मिरज येईपर्यंत रडत होती. “देवी आहे गं ती बाई. आपल्यासाठी तोंड बांधून घेतलं तिनं. तिच्या पायांचं तीर्थ प्यायला हवं.”

मलाही तसंच वाटलं. लग्न झालं, मी हुपरीला आले. आधी आत्याबाईंचा जो धाक वाटायचा तो गेला होता. त्यांनी सांगितलेलं मी कधी मोडलं नाही. आई तर लग्नानंतर त्यांना भेटायला यायची ती कायम अपराध्यासारखी. येताना पेढे आण, करंज्या आण. त्यांच्यादेखत मटणाचं नाव काढायची नाही. सोप्यातल्या मंडळींनी दोन-तीन रविवार पिठलं-भाकरी खाल्ली आणि मग दुसरं घर शोधलं. मामंजी, म्हणजे आण्णासो, खानावळीत जायला लागले. तिथून आले की दार आपटायचे, पण घरात कधी बकरं आलं नाही.

मामंजी वारले त्याला वर्ष होऊन गेल्यावर आई एकदा आमच्याकडं राहायला आली होती. निघताना तिनं नेहमीप्रमाणं आत्याबाईंचे हात धरले. “माझ्यामुळं तुमचं खाणंपिणं सुटलं विहीणबाई. या जन्मात काही ते फिटायचं नाही.” आत्याबाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो.” आईला रिक्षात बसवून मी परत आले, तर त्या पायरीवर बसून आपल्याशीच हसत होत्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“तुझी आई लई भोळी हाय.”

“भोळी काय! तिचं खरंच आहे. तुम्ही नसता बोलला तर माझं लग्न त्याच दिवशी मोडलं असतं. आमच्यासाठी तुम्ही—”

“तुमच्यासाठी?” त्यांनी मला शेजारी बसवलं. “अगं, हातात घेतली तवाच मला कळलं तुळस हाय म्हणून. माझा बाप माळकरी. ल्हानपणी त्याच्या माळंशी खेळत झोपायची मी. मला तुळस कळत न्हाई व्हय?”

“मग तुम्ही चंदन म्हणालात ते?”

“तुळस म्हटलं असतं तर घालू दिली असती का कुणी? त्याआधी तात्यानं एकदा आणून दिली हुती माळ. तुझ्या मामंजींनी काढून चुलीत घातली. म्हणाले, रविवारी माझ्या माणसास्नी कोण रांधणार?”

मग सांगायला लागल्या, बाजारहाट सांगावा तसं सरळ. “सकाळपासनं कापायचं, धुवायचं, वाटायचं. दुपारी वाढायचं. संध्याकाळी त्यांचं वकलेलं पुसायचं. त्याचंबी काय न्हाई. पण त्यातला एक ताट घेताना हात धरायचा माझा. सोडायचा न्हाई. तुझ्या मामंजीस्नी सांगितलं तर म्हणाले, दारूत असतो त्यो, मनावर घिऊ नगंस. किती वरसं मनावर घ्यायचं न्हाई?”

राख लावून हात घासणारी बाई मला आत्ता कळली.

“म्हणून तात्यांच्या समोर बसलात?”

“मग! त्याच्या नजरंला पडायला नगं? व्याह्यानं दिलेली, चारचौघांत घातलेली माळ. ती कशी चुलीत टाकतील?”

“आणि मटण? इतकी वर्षं आठवण नाही आली?”

“येती की. वास आला की तोंडाला पाणी सुटतंय अजून.”

मला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो न विचारलेला बरा हेही कळत होतं. तरी विचारला. “आत्याबाई, मामंजींनी सोयरीक मोडलीच असती तर? तुम्ही माळ काढली असतीत?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. उत्तर त्यांच्याजवळ होतं. सांगावं की नाही एवढंच त्या ठरवत होत्या.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलून बघितलं, ते खपलं. नसतं खपलं तर तू गेली असतीस परत मिरजंला. लई वाईट वाटलं असतं तुझं. पण माळ काढली नसती मी.”

मला राग आला. खरं सांगते, डोक्यात सणक गेली. माझं आयुष्य त्या दिवशी त्या सोप्यात टांगलेलं होतं आणि या बाईच्या हिशेबात ते दुसऱ्या नंबरला होतं.

“तोंड पाडू नगंस,” त्या म्हणाल्या. “माळ काढून तुला घरात आणली असती, तर काय दिलं असतं तुला? पळी दिली असती हातात. माझ्यामागनं त्या चुलीफुडं तूच हुतीस. आन् ताट घेऊन भायेर तूच.”

गल्लीत कुठंतरी पैंजणांवर हातोडी पडत होती. आत स्वयंपाकघरात माझी मुलगी अभ्यासाला बसल्या-बसल्या मोठ्यानं काहीतरी वाचत होती.

“बरं केलंत, आत्याबाई,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या.